शोधनिबंधातली उचलेगिरी आणि लेखकयादीतले वाद: पहिल्या दिवसापासून काय करायचं

शोधनिबंध जर्नलकडे पाठवायच्या आदल्या रात्री दोन गोष्टी हमखास घडतात. कुणीतरी फाइल साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतं, साम्य ३१ टक्के येतं आणि मग पहाटेपर्यंत शब्दांची अदलाबदल चालते. दुसरं म्हणजे लेखकांच्या यादीत अचानक एक नाव वाढतं. या दोन्हींवर त्या रात्री करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. साम्याचा आकडा ठरलेला असतो वाचनाच्या नोंदी काढताना, आणि लेखकयादीचा घोळ ठरलेला असतो काम वाटून घेताना, किंवा खरं तर ते वाटून न घेताना. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. सॉफ्टवेअरचा नंबर त्यात बराच उशिरा येतो.

आधी हद्द समजून घ्या

वाङ्मयचौर्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कॉपी-पेस्ट येतं. अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाची व्याख्या त्याहून रुंद आहे: दुसऱ्याच्या कल्पना, प्रक्रिया, निष्कर्ष किंवा शब्द योग्य श्रेय न देता आपले म्हणून वापरणं. यात शब्द एकूण चारपैकी एक. एखाद्याने परिषदेत मांडलेली कल्पना तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या शब्दांत लिहिलीत, साम्य शून्य टक्के आलं, तरी श्रेय दिलं नसेल तर ती उचलेगिरीच. परीक्षणासाठी आलेल्या अप्रकाशित निबंधातली युक्ती आपल्या कामात वापरणं हा त्यातलाच जास्त गंभीर प्रकार, कारण तिथे विश्वासाने हातात दिलेला मजकूर असतो.

कॉपीराइट ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्हींची गल्लत फार होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथावरचा हक्क बहुधा संपलेला असतो, त्यामुळे तो छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्यातला विचार नाव न घेता मांडला तर चोरी होतेच. याउलट एखादी आकृती व्यवस्थित संदर्भ देऊन छापली तरी प्रकाशकाची परवानगी नसेल तर हक्कभंग होऊ शकतो. श्रेय आणि परवानगी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही वेगवेगळे विचारायचे.

नोंदी काढताना

माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रकरणांत सुरुवातीला चोरीचा हेतू नसतो. काय होतं, तर पेपर वाचताना एखादा परिच्छेद आवडतो, तो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवला जातो, खाली पुढचा परिच्छेद येतो. सहा महिन्यांनी ती फाइल उघडली की त्यातलं कोणतं वाक्य कुणाचं हे कळायला मार्ग नसतो. चांगलं उतरलेलं वाक्य आपलंच वाटतं. बहुतेक संस्थांच्या चौकशीत ‘मुद्दाम केलं नाही’ हा बचाव शिक्षा सौम्य करू शकतो, पण प्रकरण मिटवत नाही.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो पहिल्या पेपरपासून करावा लागतो. प्रत्येक नोंदीत वर स्रोत आणि खाली तीन प्रकारचा मजकूर तीन वेगळ्या खुणांनी लिहायचा:

स्रोत: लेखक, वर्ष, शीर्षक, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), पान ४१२
अवतरण: “जसंच्या तसं वाक्य, स्वल्पविरामासकट.”
सार: पेपर बंद करून, आठवून, माझ्या शब्दांत.
मी: माझी शंका, माझं मत, माझ्या कामाशी संबंध.

‘सार’ लिहिताना मूळ पेपर बंद करायचा, ही यातली सगळ्यात महत्त्वाची अट. समोर उघडा असला की आपण न कळत त्याच्याच वाक्यरचनेवर चालतो. बंद करून लिहिता येत नसेल तर तो भाग अजून समजलेला नाही एवढाच त्याचा अर्थ, परत वाचायचा. आणि चौथी ओळ, ‘मी’, रिकामी ठेवू नका. पुढे चर्चेचा विभाग लिहायला बसाल तेव्हा स्वतःचं असं जे काही लागतं ते इथूनच येतं. ज्यांच्या नोंदीत फक्त अवतरणं असतात त्यांचा साहित्य-आढावा म्हणजे ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी रांग होते.

संदर्भ ठेवायला झोटेरो, मेंडेली यांच्यासारखं कोणतंही साधन चालेल. झोटेरो मोफत आहे आणि नोंदी संदर्भाला जोडूनच राहतात. हातवहीत लिहिणाऱ्यांनीही पान क्रमांक तिथल्या तिथे टाकावा. तो नंतर शोधण्यात जाणारा वेळ कुणीच मोजत नाही, पण जातो भरपूर.

आणखी एक सवय: जे वाचलं तेच उद्धृत करायचं. ‘ब’च्या पेपरात ‘अ’चा संदर्भ दिसला, तो आपण ‘अ’ न वाचताच आपल्या यादीत टाकला, की ‘ब’ची चूकही आपली होते. एका मोठ्या प्रकाशकाने संदर्भ कसे लिहावेत हे दाखवायला एक काल्पनिक संदर्भ नमुना म्हणून दिला होता. असा पेपर अस्तित्वातच नव्हता, तरी तो शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत जाऊन बसला. नमुना-फाइलमधली ती ओळ पुसायची राहिली असेल किंवा दुसऱ्याच्या यादीतून ती उचलली असेल. काहीही असलं तरी ती यादी कुणी तपासली नव्हती हे उघड झालं. मूळ ग्रंथ मिळतच नसेल तर ‘अ, ब यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं लिहायचं. त्यात कमीपणा काही नाही.

लिहिताना: स्वतःचे शब्द म्हणजे नक्की काय

समजा, संदर्भ क्रमांक ७ मध्ये असं वाक्य आहे (हे वाक्य मी उदाहरणासाठी तयार केलं आहे):

“रात्रपाळीत काम करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेची गुणवत्ता खालावलेली आढळते, आणि ही घसरण रात्रपाळ्यांच्या एकूण संख्येपेक्षा पाळ्या किती वारंवार बदलतात यावर अधिक अवलंबून असते.”

आता हा पहिला प्रयत्न:

“रात्रीच्या पाळीत काम करणाऱ्या नर्सेसच्या झोपेचा दर्जा घटलेला दिसतो, आणि ही घट रात्रपाळ्यांच्या एकंदर प्रमाणापेक्षा पाळ्या किती वेळा बदलतात यावर जास्त विसंबून असते [७].”

संदर्भ दिला आहे, शब्द बदलले आहेत, तरी हे चालणार नाही. वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आहे. ‘गुणवत्ता’च्या जागी ‘दर्जा’, ‘अधिक’च्या जागी ‘जास्त’, एवढाच फरक. वाचणाऱ्याला वाटेल की मांडणी तुमची आहे, आणि ती तुमची नाही. दुसरा प्रयत्न:

“परिचारिकांच्या झोपेबद्दल बोलताना रात्रपाळ्या किती झाल्या हे मोजण्याचा प्रघात आहे. संदर्भ ७ मधल्या निरीक्षणांनुसार खरा त्रास वेळापत्रक सतत हलतं ठेवल्याने होतो. ठरावीक रात्रपाळी आणि बदलती रात्रपाळी यांची वेगळी तुलना आम्ही केली ती याच कारणाने.”

इथे मूळ निष्कर्ष कुणाचा हे स्पष्ट आहे, आणि तो तुमच्या युक्तिवादात कशासाठी आला आहे हेही. चांगल्या पुनर्लेखनाची माझी कसोटी हीच: परिच्छेदातून ते वाक्य काढलं तर तुमच्या मुद्द्यात भगदाड पडायला हवं. पडत नसेल तर ते वाक्य फक्त जागा भरायला आणलेलं आहे, काढून टाका.

मूळ शब्दच महत्त्वाचे असतील, म्हणजे व्याख्या, कायद्याचा मजकूर, ज्यावर टीका करायची आहे ते विधान, तर सरळ अवतरणचिन्हांत द्या आणि पान क्रमांक टाका. संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी एकदाच टाकून मोकळं होण्याची पद्धतही घातक आहे. पाच वाक्यं दुसऱ्याची आणि शेवटी एक [७], तर वाचणारा फक्त शेवटचं वाक्य त्याचं समजतो. सुरुवातीलाच ‘संदर्भ ७ च्या मते’ म्हणायचं आणि आपलं मत सुरू होतं तिथे ‘आमच्या मते’ म्हणायचं.

दोन भाषांत काम करणाऱ्यांसाठी इथे एक खास खाचखळगा आहे. इंग्रजी पेपर वाचून मराठीत लिहिताना वाक्यागणिक भाषांतर केलं तर सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसतं. मराठी ग्रंथातला विचार इंग्रजी निबंधात नेला तरी तेच. पण भाषा बदलल्याने मालक बदलत नाही. भाषांतरित मजकूर हा अवतरणच धरायचा: अवतरणचिन्हं, पान क्रमांक आणि ‘अनुवाद माझा’ अशी नोंद. मराठी स्रोत इंग्रजी निबंधाच्या यादीतून गाळला जातो, ‘तिकडे कोण वाचणार’ म्हणून, हे तर सर्रास दिसतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव यायलाच हवं, मग वाचणाऱ्याला ती लिपी वाचता येवो न येवो.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंश सेल्सिअसला उकळतं, याला कुणाचा दाखला नको. शंका असेल तिथे द्यावा.

आकृती, तक्ते आणि प्रश्नावल्या यांच्याबाबत मूळ कुठून घेतलं, जशीच्या तशी की बदल करून, आणि परवानगी आहे का, या तिन्ही गोष्टी चित्राखालच्या ओळीत याव्यात. सीसी-बाय या मुक्त वापराच्या परवान्याखालच्या साहित्याला वेगळी परवानगी लागत नाही, पण श्रेय देणं आणि बदल केला असेल तर तसं सांगणं ही त्या परवान्याचीच अट आहे.

स्वतःचंच जुनं लिखाण

‘माझंच वाक्य मी पुन्हा वापरलं तर चोरी कुणाची?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘आत्म-वाङ्मयचौर्य’ हा शब्द मलाही फारसा पटत नाही, कारण चार अगदी वेगळ्या गोष्टी त्यात कोंबल्या जातात.

प्रयोगाची पद्धत तीच असेल तर तिचं वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत येणं बऱ्याच संपादकांना चालतं. जुन्या पेपरचा संदर्भ देऊन ‘वर्णन आधीच्या निबंधाप्रमाणे’ म्हणायचं. प्रस्तावनेतले परिच्छेदच्या परिच्छेद उचलणं मात्र आळस आहे, आणि जुन्या पेपरचे हक्क प्रकाशकाला दिलेले असतील तर तिथे कॉपीराइटही आड येतो. तेच निष्कर्ष दोनदा छापणं याहून फार गंभीर, कारण पुढे कुणी त्या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांची बेरीज करतो तेव्हा तेच रुग्ण किंवा तीच मोजमापं दोनदा धरली जातात आणि उत्तर चुकतं. आणि एका अभ्यासाचे तुकडे पाडून चार पेपर काढणं, म्हणजे ज्याला सलामी स्लायसिंग म्हणतात ते, त्यात शब्द एकही पुन्हा आलेला नसला तरी वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

प्रबंधातून पेपर काढायला साधारणपणे हरकत नसते. परिषदेतला छोटा निबंध वाढवून जर्नलला देता येतो. प्रीप्रिंट सर्व्हरवर, म्हणजे परीक्षणाआधीचे निबंध खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, आधी टाकलेला मजकूरही अनेक जर्नलं स्वीकारतात. तिन्ही ठिकाणी अट एकच: संपादकाला पत्रात आधीच सांगायचं, आणि त्या जर्नलचं धोरण आधी वाचायचं. एकाच वेळी दोन जर्नलांकडे तोच निबंध पाठवायचा नाही, हे मात्र धोरण न वाचताही लक्षात ठेवावं.

साम्य-अहवाल वाचायचा कसा

टर्नइटिन किंवा आयथेंटिकेट चोरी पकडत नाही. ते तुमचा मजकूर आपल्या साठ्याशी ताडून जुळणारे शब्द रंगवतं, बस. क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेच्या सिमिलॅरिटी चेक सेवेतून असंख्य जर्नलं आयथेंटिकेट वापरतात, त्यामुळे तुमचा निबंध तिथे तपासला जाईल हे गृहीत धरा. पण अहवालाच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहून घाबरणं किंवा निश्चिंत होणं, दोन्ही चूक.

आधी सेटिंग बघा. संदर्भसूची, अवतरणं आणि अगदी लहान जुळण्या वगळल्या आहेत का? सूची धरून आलेले २५ टक्के आणि वगळून आलेले २५ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग स्रोतांची यादी उघडा. ५० ठिकाणांहून अर्धा-अर्धा टक्का जुळत असेल तर ते बहुधा विषयातले ठरलेले शब्दप्रयोग असतात. एकाच पेपराशी ९ टक्के जुळत असेल तर एकूण आकडा १२ असला तरी तिथे थांबायला हवं. त्यानंतर जुळणी कुठे आहे ते बघा: पद्धतीच्या विभागात असली तर एक अर्थ, चर्चा आणि निष्कर्ष यांत असली तर अगदी वेगळा.

रंगलेलं वाक्य सुधारायचं तर मूळ स्रोताकडे परत जायचं, समजून घ्यायचं, बंद करायचं आणि पुन्हा लिहायचं. समानार्थी शब्द टाकून रंग घालवणं हा उपाय नाही. पुनर्लेखन करणाऱ्या आपोआप साधनांनी काय होतं ते गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ साली दाखवून दिलं. शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे जवळपास ‘बनावट जाणीव’, आणि ‘बिग डेटा’च्या जागी ‘कलॉसल इन्फर्मेशन’ असे शब्द त्यांना सापडले. सॉफ्टवेअरला चकवायला केलेली ही करामत आता स्वतःच पुरावा झाली आहे. असे विद्रूप शब्दप्रयोग हुडकून पेपर वेगळे काढले जातात.

तपासणी कुठे करता हेही पाहा. अनोळखी मोफत संकेतस्थळावर अप्रकाशित निबंध चढवणं म्हणजे तो कुणाच्या हाती जाईल याचा भरवसा सोडणं. आणि संस्थेच्या खात्यातून तपासताना ‘साठ्यात जतन करू नये’ हा पर्याय निवडला नाही, तर पुढच्या तपासणीत तुमचा निबंध स्वतःशीच शंभर टक्के जुळतो आणि मग संपादकाला खुलासे देत बसावं लागतं.

लेखक कोण, हे काम सुरू होताना ठरवा

१९४८ साली राल्फ आल्फर या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारलेला विश्वाच्या उत्पत्तीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे मार्गदर्शक जॉर्ज गॅमो यांनी हान्स बेथे यांचं नाव त्यात घातलं, कशासाठी, तर आल्फर-बेथे-गॅमो म्हणजे अल्फा-बीटा-गॅमा असा यमकासारखा विनोद जुळावा म्हणून. बेथे यांचा त्या कामात हात नव्हता. विनोद आजही सांगितला जातो. दोन नामांकित भौतिकशास्त्रज्ञांच्या मधे आपलं काम झाकलं जाईल ही आल्फरची खंत मात्र क्वचितच सांगितली जाते. भेट म्हणून दिलेलं नाव फुकट नसतं. त्याची किंमत यादीतला सर्वांत कमी ताकदीचा माणूस चुकवतो.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, लेखकत्वासाठी चार अटी सांगते आणि चारही लागू व्हाव्या लागतात. अभ्यासाची कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा. निबंध लिहिण्यात किंवा त्यातल्या आशयावर गंभीरपणे काम करण्यात वाटा. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. फक्त निधी आणला, फक्त प्रयोगशाळेचं सर्वसाधारण प्रमुखपद आहे, फक्त भाषा तपासली, तर नाव ऋणनिर्देशात, तेही त्या माणसाला विचारून.

या अटींचा उलटा वापरही होतो, तो ओळखा. ज्याने वर्षभर माहिती गोळा केली त्याला मसुदा दाखवायचाच नाही, आणि मग ‘दुसरी अट पूर्ण होत नाही’ म्हणून नाव गाळायचं. समितीने याबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला लिखाणात आणि मान्यतेत सहभागी होण्याची संधी मिळाली पाहिजे.

चौथी अट कागदोपत्री वाटते, पण खरी कसोटी तीच आहे. मे २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ने कोविडच्या रुग्णांवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या परिणामांचा एक अभ्यास छापला. माहिती सर्जिस्फिअर नावाच्या खासगी कंपनीची होती. शंका आल्या तेव्हा चारपैकी तीन लेखकांना मूळ माहिती स्वतंत्रपणे तपासून घेता आली नाही, आणि जूनच्या सुरुवातीलाच निबंध मागे घ्यावा लागला. सही करण्याआधी ‘मूळ फाइल मला पाहता येईल का’ एवढं प्रत्येक सहलेखकाने विचारावं. उत्तर टाळाटाळीचं आलं तर आपलं नाव मागे घ्यावं.

नावांचा क्रम ज्या-त्या शाखेत निराळा. गणितात आणि बऱ्याच प्रमाणात अर्थशास्त्रात आडनावांच्या वर्णानुक्रमाने, जीवशास्त्र-वैद्यकात सर्वांत जास्त राबणारा पहिला आणि गटप्रमुख शेवटचा. आंतरशाखीय कामात दोघांच्या डोक्यात दोन वेगळे नियम असतात आणि भांडण तिथेच लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीनंतर एक मेल पाठवून ठेवायची. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाला लिहायची झाली तर साधारण अशी:

“मॅडम, कालच्या चर्चेनुसार कामाची वाटणी लिहून काढली आहे. मुलाखती आणि पहिला मसुदा माझ्याकडे, विश्लेषण सांख्यिकी विभागातल्या सहकाऱ्यांकडे, आराखडा आणि दुरुस्त्या तुमच्याकडे. हे असंच राहिलं तर लेखकांचा क्रम मी, ते आणि तुम्ही असा धरू का? काम बदललं तर क्रमही पुन्हा पाहू. तुम्ही हो म्हणालात की तिघांनाही एकच मेल पाठवते.”

यात मागणी नाही, तक्रार नाही, आणि तारखेसकट नोंद तयार होते. ‘काम बदललं तर क्रमही बदलेल’ हे वाक्य गाळू नका. वर्षभरात कुणी नोकरी सोडतो, कुणाचं काम दुप्पट होतं.

कामाची वाटणी लिहायला क्रेडिट (CRediT) ही १४ भूमिकांची यादी सोयीची आहे: संकल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, पडताळणी, विश्लेषण, मूळ मसुदा, संपादन वगैरे. २०२२ पासून ती अमेरिकेत अधिकृत मानक आहे. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाच्या मोजणीवरचा निबंध ५,१५४ लेखकांच्या नावे आला आणि ३३ पानांपैकी २४ पानं नावं नि संस्थांनीच भरली. तिथे नुसत्या क्रमावरून कुणी काय केलं हे कळणं अशक्यच. पण क्रेडिटमध्ये ‘निधी मिळवणं’ ही भूमिका आहे म्हणून निधी मिळवणारा आपोआप लेखक होत नाही. आधी लेखक कोण ते ठरतं, मग त्याने काय केलं ते लिहायचं.

आता अवघड भाग. विभागप्रमुखांचं नाव घालायला सांगितलं जातं, आणि सांगणारा तुमच्या प्रबंधावर सही करणार असतो. तत्त्वं सांगून इथे काही होत नाही. उपयोगी पडतो तो एक साधा प्रश्न: ‘सर, जर्नलच्या फॉर्मवर प्रत्येकाच्या नावापुढे योगदान लिहावं लागतं आणि सगळ्यांना स्वतः मान्यता द्यावी लागते. तुमच्या नावापुढे काय लिहू?’ बऱ्याचदा उत्तर येतं, ‘राहू दे, ऋणनिर्देशात टाक.’ कधी कधी प्रमुख खरोखरच मसुदा वाचून मोलाच्या दुरुस्त्या करतात आणि नाव रास्त ठरतं. आणि कधी यातलं काहीच होत नाही. नाव घालावं लागलेल्या विद्यार्थ्याला मी दोष देणार नाही, दोष मागणाऱ्याचा. मात्र योगदानाच्या रकान्यात खोटं लिहू नका. ‘विश्लेषण’ असं लिहिलंत आणि उद्या विश्लेषणावर प्रश्न आला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

लेखकयादीतल्या जागा विकणाऱ्या जाहिराती येतात: निबंध स्वीकारला गेला आहे, दुसरी जागा रिकामी आहे. हे पेपर-मिलचं, म्हणजे निबंध घाऊक तयार करून विकणाऱ्यांचं काम. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले, त्यांतले मोठ्या संख्येने एकाच प्रकाशनसमूहाच्या जर्नलांतले होते, आणि पेपर-मिलचा सुळसुळाट हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. विकत घेतलेली जागा अशी रातोरात जाते, नाव मात्र मागे घेतलेल्या निबंधांच्या यादीत राहतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं

१९७५ साली जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याच्या निबंधात सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं होतं. टाइपरायटरवर पुन्हा सगळं टंकण्यापेक्षा त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं. गंमत म्हणून ठीक, पण मांजराला निबंधाबद्दल जाब विचारता येत नाही, आणि चॅटजीपीटीलाही येत नाही. प्रकाशन-नीती समिती कोप आणि आयसीएमजेई या दोघांनी २०२३ मध्ये हीच भूमिका घेतली: असं साधन लेखक होऊ शकत नाही, आणि ते वापरलं असेल तर कुठे आणि कसं हे निबंधात सांगायचं.

काय काय सांगायचं हे जर्नलागणिक बदलतं, धोरण वाचा. माझा व्यवहारी सल्ला असा: साधनाने सुचवलेला प्रत्येक संदर्भ डीओआयवरून स्वतः उघडून पाहा, कारण अस्तित्वात नसलेले पेपर ते खऱ्यासारखे लिहून देतं. त्याने दिलेला परिच्छेद कुणाच्या तरी मांडणीवर बेतलेला असू शकतो आणि ते तुम्हाला कळणारही नाही, म्हणून युक्तिवादाचा भाग त्याच्याकडून लिहून घेऊ नका. परीक्षणाला आलेला दुसऱ्याचा निबंध त्यात चिकटवणं म्हणजे गोपनीयतेचा भंग. आणि ‘हे यंत्राने लिहिलंय’ सांगणाऱ्या साधनांवर कुणाला दोषी ठरवू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. तुमच्यावर असा आरोप आलाच तर नोंदी आणि मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या कामी येतात, त्या जपून ठेवा.

पाठवण्याच्या दिवशी

पहिली कामं नीट झाली असतील तर इथे थोडंच उरतं. अंतिम पीडीएफ सगळ्या लेखकांना पाठवून प्रत्येकाकडून लेखी ‘मान्य’ घ्या. उत्तर आलं नाही म्हणजे होकार असं धरू नका. सहलेखकांचे खरे, चालू मेलपत्ते द्या आणि प्रत्येकाचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, जोडा. पत्रव्यवहार करणारा लेखक असा निवडा जो दोन वर्षांनीही मेलला उत्तर देईल. संपादकाच्या पत्रात प्रीप्रिंट, परिषद, प्रबंध, त्याच माहितीवरचा दुसरा निबंध, जे काही असेल ते लिहा. आर्थिक हितसंबंध लिहा.

पाठवल्यानंतर नाव घालायचं किंवा काढायचं झालं तर सगळ्यांच्या, विशेषतः ज्याचं नाव जातंय त्याच्या, लेखी संमतीशिवाय संपादक ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गडबड झालीच तर

छापण्याआधी लक्षात आलं तर संपादकाला स्वतःहून कळवा. छापल्यानंतर राहिलेला संदर्भ, चुकलेलं श्रेय अशी गोष्ट असेल तर शुद्धिपत्राने भागतं. गाभाच दुसऱ्याचा किंवा अविश्वसनीय असेल तर निबंध मागे घेतला जातो. स्वतःहून मागे घेतलेल्या निबंधाकडे आणि पकडल्यावर मागे घेतलेल्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात.

तुमचं काम कुणी उचललं असेल तर आधी दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे तुमचा मजकूर पान आणि तारखेसह, उजवीकडे त्यांचा. विशेषणं एकही नकोत. तो तक्ता ज्या जर्नलमध्ये दुसरा निबंध आला आहे त्याच्या संपादकाला पाठवा, आणि तुमच्या जर्नलला प्रत. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कोपचे अशा प्रसंगांसाठी पायरीवार आराखडे आहेत: संपादक आधी संबंधित लेखकाला खुलासा विचारतो, समाधान झालं नाही तर त्याच्या संस्थेकडे जातो. याला महिने लागतात. समाजमाध्यमांवर आधी आरोप केला तर समोरचा वकील गाठतो आणि चौकशी बाजूला राहते.

लेखकयादीचा वाद असेल तर संपादकाकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका. कुणी किती काम केलं हे तो ठरवू शकत नाही. तो निबंध थांबवून ठेवेल आणि प्रकरण संस्थेकडे पाठवेल. संस्थेच्या संशोधन-सचोटी समितीपुढे बोलतात ते कागद: ती पहिली मेल, मसुद्याच्या तारीखवार आवृत्त्या, प्रयोगवही, विश्लेषणाच्या फाइली. संस्था सोडून जाणार असाल तर तिथला मेलपत्ता बंद होण्याआधी नियमांत बसेल तेवढा पत्रव्यवहार उतरवून घ्या, आणि रुग्णांची किंवा मुलाखत दिलेल्यांची माहिती मात्र परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका.